शेषाधिकार आणि शेषकर्तव्य

वडिलार्जित मालमत्तेची वाटणी ज्याने एकदा जवळून पाहिली आहे, त्यास संघराज्याची घटना समजण्यास फारसे श्रम पडू नयेत. पंच बसतात, शेताचे बांध मोजले जातात, घराच्या मधोमध भिंत कोठे घालावयाची ते ठरते, तांब्यापितळेची भांडी वजन करून वेगवेगळ्या ढिगांत लागतात. जे कापता येत नाही ते सामाईक राहते: विहीर, पाणंद, देव्हारा. मग सर्व काही कागदावर उतरते, सह्या आणि अंगठे होतात, आणि काल एका पंक्तीस जेवणारे भाऊ आज एकमेकांचे शेजारी होतात.

अशी एक वाटणी मी लहानपणी पाहिली. घर नात्यातलेच होते. तिघा भावांच्या वाटणीपत्रात शेवटचे कलम आईसंबंधी होते: तिने प्रत्येकाकडे चार चार महिने राहावे. भाऊ दुष्ट नव्हते, आणि पहिले वर्ष पाळी व्यवस्थित चालली. दुसऱ्या वर्षी थोरल्याची पाळी ज्या रात्री संपत होती, त्याच रात्री म्हातारीस ताप भरला. तिचे गाठोडे ओसरीवर बांधून ठेवलेले होते. सकाळी मधल्याने ते न्यावयाचे होते. थोरल्यास वाटले, मधल्यास निरोप गेला आहे, तो वैद्यास घेऊन येईल. मधल्यास वाटले, आपली पाळी उद्यापासून, आजची रात्र थोरला पाहील. धाकट्याच्या पाळीस तर अजून चार महिने अवकाश होता. रात्रभर तिच्या उशाशी बसली ती शेजारची एक बाई, जिच्या नावावर त्या घरातील एक पळीसुद्धा नव्हती. कागदात चूक नव्हती. जे घडले ते कागदाबरहुकूमच घडले होते.

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी पूर्णपणे अंमलात आली, तेव्हा तिच्या सातव्या परिशिष्टात अशीच एक मोठी वाटणी लिहिलेली होती. संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि दोघांनाही कायदा करता यावा अशा समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, रेल्वे, टपाल आणि चलन केंद्राकडे. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य राज्यांकडे. विवाह, करार आणि मजुरांचे कल्याण सामाईक. ही पद्धत सर्वस्वी नवी नव्हती. १९३५ च्या कायद्यातही तीन सूच्या होत्याच. परंतु कोणताही कागद कितीही बारकाईने लिहिला तरी काहीतरी लिहावयाचे राहतेच. जे कोणत्याच सूचीत आलेले नाही, ते कोणाचे? ह्या उरलेल्या अधिकारास घटनाशास्त्रात शेषाधिकार म्हणतात. अमेरिकेने १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने तो राज्यांना व जनतेला राखून ठेवला. कॅनडाने १८६७ साली त्याचा कल मध्यवर्ती सत्तेकडे ठेवला. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली तो घटक राज्यांकडे राहू दिला. भारताने २४८ व्या कलमाने तो संसदेस दिला. कोणता अधिकार मोकाट राहू नये ह्याविषयी सर्वच घटनाकारांनी केवढी दक्षता घेतली, हे पाहून आदर वाटतो.

तथापि ह्याच ठिकाणी एक प्रश्न मनात उभा राहतो आणि तो कायद्याचा नसून नीतीचा आहे. शेषाधिकार कोणाचा हे घटनांनी लिहून ठेवले, शेषकर्तव्य कोणाचे? ज्या दुःखाचे निवारण करणे कोणत्याही एका नोंदीत बसत नाही, किंवा चार नोंदींत थोडे थोडे बसते, त्याचे उत्तरदायित्व कोणावर? अधिकार वाटला म्हणजे कर्तव्यही त्याच रेषेवर वाटले जाते, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत बरोबर आहे काय?

प्रथम वाटणीच्या बाजूने जे म्हणावयाचे ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. अधिकारांची विभागणी हा काही दुर्बलतेचा मार्ग नव्हे. दिल्लीत बसलेला मनुष्य कितीही सुबुद्ध असला, तरी गोव्यातील खाजन शेतीचा बांध कोणत्या भरतीस फुटेल हे त्यास ठाऊक असणार नाही. ते ज्यास ठाऊक आहे, त्याच्याच हाती तो बांध असावा, हेच शहाणपण. शिवाय सगळी सत्ता एका मुठीत असली की ती मूठ आवळली जाण्यास वेळ लागत नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना सांगितले होते की, हे संघराज्य घटकांच्या आपसांतील कराराने जन्मलेले नाही आणि म्हणूनच त्यातून कोणास फुटून जाता येणार नाही. ह्याचा नैतिक अर्थ मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे वेगळ्या झालेल्या भावांनी घर वाटून घेतलेले नाही. एकाच घराने आपल्या कारभाराच्या सोयीसाठी कामे वाटून दिली आहेत. काम वाटून दिले म्हणजे घर वाटले असे होत नाही. परंतु व्यवहारात आपण वागतो ते मात्र वेगळ्या झालेल्या भावांसारखे.

ह्याचे सर्वांत वेदनामय प्रत्यंतर २०२० साली आले. २४ मार्चच्या रात्री, अवघ्या चार तासांच्या अवधीने, साऱ्या देशात टाळेबंदी लागू झाली. शहराशहरांतून काम गमावलेले मजूर आपापल्या गावांकडे पायी निघाले. त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न कोणत्या नोंदीत येत होता? सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत. एका राज्यातून दुसऱ्यात साथीचा रोग जाऊ न देणे समवर्ती सूचीत. आंतरराज्य स्थलांतर संघसूचीत, ८१ व्या नोंदीत. रेल्वे केंद्राची, रस्त्यावरचे पोलीस राज्याचे, मजुरांचे कल्याण दोघांचे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली केलेला स्वतंत्र कायदाही तेव्हा अस्तित्वात होता. म्हणजे कोणताच धागा निर्नायक नव्हता. प्रत्येकास मालक होता. आणि तरीही ८ मे रोजी, जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपी गेले असता मालगाडीखाली सापडून मरण पावले. जेथे काम करीत होते ते राज्य म्हणे, हे परराज्याचे. ज्या राज्यात जावयाचे ते म्हणे, अजून आमच्या सीमेत आलेले नाहीत. केंद्र म्हणे, व्यवस्था राज्यांनी करावयाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली ती २६ मे रोजी. पुढे सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारणा झाली, तेव्हा स्थलांतरात मरण पावलेल्या मजुरांची नोंद ठेवलेली नाही असे सरकारचे उत्तर आले. पाळी संपण्याच्या रात्रीचा तो ताप येथे एका घरापुरता राहिला नाही.

माणसे सीमा ओलांडतात तशी पाणीही ओलांडते. भीमगडच्या रानात, खानापूर तालुक्यात, म्हादई उगम पावते आणि गोव्यात येऊन पुढे मांडवी म्हणून समुद्रास मिळते. नदीला सूच्या ठाऊक नसतात. घटनेत मात्र पाणी राज्यसूचीच्या १७ व्या नोंदीत आहे आणि आंतरराज्य नद्यांचे नियमन संघसूचीच्या ५६ व्या नोंदीत. हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी हवे, म्हणून कर्नाटकास कळसा आणि बंडुरी ह्या नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवावयाचे आहे. नदी आटली तर खाली खारे पाणी वर चढेल आणि रान सुकेल, ही गोव्याची चिंता. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. गोव्याने २००२ साली लवाद मागितला. तो नेमला गेला २०१० साली. निवाडा आला १४ ऑगस्ट २०१८ रोजी. गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट असे पाणी वाटले गेले. निवाड्यासही न्यायालयात आव्हान दिले गेले.

येथे दोष कोणाचा, हे मी सांगू इच्छीत नाही. प्रत्येक राज्याचा वकील आपल्या माणसांसाठी भांडला आणि ते त्याचे कामच होते. परंतु संपूर्ण नदीसाठी बोलणारा कोण होता? संसदेने १९५६ साली नदीमंडळांचा एक कायदा केला. एकाच नदीकाठच्या राज्यांना एकत्र बसवून तिच्या सबंध खोऱ्याचा विचार करता यावा, हा त्याचा हेतू. त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. अधिकार होता, कायदा होता. नव्हती ती फक्त ‘हे माझे आहे’ म्हणणारी व्यक्ती. म्हादईसाठी एक प्राधिकरण नेमण्यास केंद्राने २०२३ साली मान्यता दिली, म्हणजे गोव्याने दार ठोठावल्यानंतर एकवीस वर्षांनी.

आता तिसरा दाखला घेतो, आणि तो ह्या मासिकाच्या वाचकांच्या घरातलाच आहे. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा हे उघड होते की, सीमा कितीही काळजीने आखली तरी तिच्या दोन्ही बाजूंस काही माणसे चुकीच्या बाजूस राहणार. म्हणून त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमे घातली गेली. ३५० अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावयाचा; राष्ट्रपतींस त्याबाबत राज्यांना निदेश देता येतील. ३५० ब प्रमाणे एक विशेष अधिकारी नेमावयाचा. त्याने चौकशी करून राष्ट्रपतींस अहवाल द्यावयाचा आणि तो संसदेपुढे ठेवावयाचा.

हेतू निर्मळ आहे ह्यात शंका नाही. परंतु त्यातील क्रियापदे पाहावीत. राज्याने ‘प्रयत्न’ करावयाचा. राष्ट्रपतींस निदेश ‘देता येतील’. अधिकाऱ्याने ‘अहवाल’ द्यावयाचा. शाळेचे छप्पर गळत असेल आणि शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर ती भरली ‘पाहिजे’ असे ज्यास म्हणता येईल असा मनुष्य ह्या साखळीत शोधून सापडत नाही. सीमाभागात ज्यांनी शाळेसाठी अर्ज केले आहेत, त्यांना ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविला’ हा शेरा पाठ आहे. कागद पुढे जातो; पुढे गेल्यावर तो कोणाचाच राहत नाही.

बेळगावचा प्रश्न न्यायालयात आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या कलमाने संसदेकडे आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या दाव्याचा निर्णय काय व्हावा ह्याविषयी माझे मत असेल, वाचकांचेही असेल. परंतु त्या वर्षी पहिलीत गेलेले मूल आज पंचविशी ओलांडून गेले आहे. गाव कोणत्या राज्याचे, हा प्रश्न वीस वर्षे थांबू शकतो. मूल कोणाचे, हा प्रश्न एक शाळावर्षही थांबू शकत नाही. आणि हे एकाच बाजूने म्हणावयाचे नाही. जतच्या आणि अक्कलकोटच्या कानडी मुलांविषयी महाराष्ट्रावर नेमके हेच ऋण आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यान्वये कोकणी राजभाषा झाली आणि मराठीसही शासकीय व्यवहारात स्थान राहिले, त्या गोव्यात दोन्ही भाषांच्या मुलांविषयी हेच ऋण आहे. ज्यास हे ऋण फक्त दुसऱ्याच्या खात्यावर दिसते, त्यास न्याय नको आहे. त्यास वाटा हवा आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला असा की, मग सर्वच अधिकार केंद्राकडे द्यावेत म्हणजे जबाबदारी झटकण्यास जागा राहणार नाही. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण, वने इत्यादी पाच विषय राज्यसूचीतून काढून समवर्ती सूचीत घातले गेले. त्याचे सर्वच फळ वाईट होते असे नाही. १९८० च्या वनसंरक्षण कायद्याने राज्यांच्या घिसाडघाईस काही लगाम बसला. परंतु शिक्षणाचे काय झाले? सीमेवरच्या शाळेस पूर्वी एक धनी होता. आता दोन झाले आणि अर्जास जाण्यासाठी आणखी एक टेबल मिळाले. हात एकवटल्याने विवेक एकवटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सखोल आहे. जे सर्वांचे कर्तव्य ते कोणाचेच नसते. म्हणून कर्तव्याची रेषा स्पष्ट असलीच पाहिजे. हे खरे आहे. पाळी ठरविणे चूक नव्हते. पाळी ठरली नसती तर म्हातारीस रोजच उपाशी राहण्याची पाळी आली असती. माझे म्हणणे एवढेच की, पाळीने ‘प्रथम कोणी’ हे ठरते. ‘बाकीचे मोकळे’ असे ठरत नाही. पहिला कर्ता कोण हे सूचीने सांगावे. पण तो आला नाही, अपुरा पडला किंवा कोण ते ठरावयाचे असेल, तर उरलेल्यांकडे जे शिल्लक राहते, त्यास मी शेषकर्तव्य म्हणतो. अधिकार ही जमिनीसारखी वस्तू आहे. एकाकडे गेली की दुसऱ्याकडे राहत नाही. कर्तव्य हे नात्यासारखे आहे. थोरला मुलगा असल्यामुळे धाकटा मुलगा नाहीसा होत नाही.

ह्या शेषकर्तव्याचे स्वरूप हवेत राहू नये म्हणून ते थोडक्यात सांगतो. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे म्हणण्याचा हक्क त्यालाच आहे, जो ‘हे अमक्याकडे येते आणि मी त्यांच्या हाती पोचविले आहे’ एवढे पुढे म्हणू शकतो. निरोप धाडणे आणि निरोप पोचणे ह्यांत म्हातारीची एक रात्र गेली होती, हे विसरू नये. दुसरे, ज्याचे काम तो येईपर्यंत जे थांबू शकत नाही ते करणे. सामाईक विहिरीत मूल पडले असता वाटणीपत्र कोणी उघडून पाहत नाही. आणि तिसरे, हिशेब देणे. मेलेल्यांची नोंद ठेवणे हे कोणत्याही सूचीतील अधिकाराचे काम नसेल. ते माणुसकीचे काम आहे, आणि जो नोंद ठेवीत नाही तो आपल्याच चुकीपासून शिकण्याचा मार्ग बंद करतो.

हे करावयास नवी घटना लागत नाही. केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसून सामाईक प्रश्नांचा विचार करावा, अशी सोय घटनेच्या २६३ व्या कलमात प्रथमपासून आहे. त्या कलमाखाली आंतरराज्य परिषद प्रत्यक्षात स्थापन झाली ती सरकारिया आयोगाच्या शिफारशीनंतर, १९९० साली. आणि तेव्हापासून २०१६ पर्यंत तिच्या पूर्ण बैठका झाल्या अवघ्या अकरा. ह्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. २०१६ साली वस्तू व सेवा कराची परिषद स्थापन झाली; तिच्या पन्नासाहून अधिक बैठका होऊन गेल्या आहेत. केंद्र आणि राज्ये तेथे एका मेजाभोवती बसतात, भांडतात, आणि बहुधा एकमताने उठतात. म्हणजे आपल्याला एकत्र बसता येत नाही असे नाही. उत्पन्नाची वाटणी करावयाची असली की सगळे भाऊ वेळेवर येतात. आईच्या आजारपणाची बैठक असली की कोणास ना कोणास सवड नसते. ह्याला घटनेचा दोष म्हणता येणार नाही.

आणि ह्यात आपण नागरिकही निर्दोष नाही. आपल्या राज्याच्या वाट्याचे पाणी, आपल्या भाषेची शाळा, आपल्या गावचे मजूर ह्यांसाठी आपण आवाज उठवितो. तो उठविलाच पाहिजे. परंतु आपल्या प्रतिनिधीने ‘हा विषय केंद्राचा’ किंवा ‘हा विषय राज्याचा’ असे म्हणून हात वर केले की आपले समाधान होते. उलट, दोष दुसऱ्या पक्षाच्या सरकारचा निघाला म्हणून थोडे बरेही वाटते. उत्तर ऐकून परत फिरणारा नागरिक हाच त्या उत्तराचा खरा आधार आहे. ‘कोणाचे?’ ह्या प्रश्नावर न थांबता ‘तोपर्यंत तुम्ही काय केलेत?’ हा प्रश्न आपण विचारू लागलो, तर सातव्या परिशिष्टातील एक अक्षरही न बदलता संघराज्याचा स्वभाव बदलेल.

त्या रात्री म्हातारीच्या उशाशी बसलेल्या बाईस पुढे कोणीतरी विचारले, ‘तू कशाला गेलीस? तुझा काय संबंध?’ ती म्हणाली, ‘कण्हणे ऐकू आले. पाळी कोणाची ते विचारायचे सुचलेच नाही.’ म्हातारी त्या दुखण्यातून उठली आणि त्यानंतर बरीच वर्षे जगली. वाटणीपत्र तेच राहिले, पाळ्याही त्याच राहिल्या. फक्त पाळी संपण्याच्या दिवशी दोन्ही भाऊ ओसरीवर हजर असत. एक गाठोडे देई, दुसरा घेई, आणि ते दुसऱ्याच्या हाती पडेपर्यंत पहिला घरात जात नसे.